‘हे अंशतः खरे आहे’ : पुढारी, खरेपणा आणि आपण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. “अमुक तालुक्यातील तमुक योजनेत गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, काय कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” खाली मंत्र्यांचे उत्तर. “होय, हे खरे आहे”, “हे खरे नाही” किंवा “हे अंशतः खरे आहे”. मग शेवटी हमखास “प्रश्न उद्भवत नाही”.

वाचनालयांत आणि कॉलेजांत राज्यशास्त्रावर गप्पा मारायला मला अधूनमधून बोलावतात. विषय कुठलाही असो, चहा आला की गाडी याच प्रश्नावर येते: पुढारी खरे का बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलावेच का? तेच तेच प्रश्न एकदा लिहून काढले.

एका दमात सांगा: नेत्याने नेहमी खरे बोलावे की नाही?

सगळे सांगितलेच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नसावी. जे सांगेल ते मात्र खरे असावे. आणि एखाद्या बिकट वेळी तो खोटे बोललाच, तर पुढे त्याचा हिशेब त्याने स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या नावावर द्यावा. खाली जे आहे ते बहुतेक या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे, कारण पहिली दोन सगळ्यांनाच मान्य असतात.

पण सगळे न सांगणे म्हणजे लपवणेच झाले ना?

झाले, आणि त्याची शपथ आपणच त्यांना घ्यायला लावतो. शपथविधीच्या बातमीत “पद आणि गोपनीयतेची शपथ” असे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यात दोन शपथा आहेत हे लक्षातही येत नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या दिल्या आहेत. पदाच्या शपथेत संविधानावर निष्ठा आहे, शुद्ध बुद्धीने काम करणे आहे, “ममत्वभाव किंवा आकस न बाळगता” सर्वांना न्याय देणे आहे. “मी खरे बोलेन” असे वाक्य मात्र तिच्यात कुठेच नाही. न्यायालयात साक्षीदाराला ते म्हणावे लागते, मंत्र्याला नाही. दुसऱ्या शपथेत मंत्री म्हणून जे कळेल ते कर्तव्याची गरज असल्याशिवाय कोणाला सांगणार नाही, असे वचन आहे.

म्हणजे गप्प बसणे हा नोकरीचाच भाग. १ आणि ३ जुलै १९९१ ला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. आधी जाहीर केले असते तर ज्याच्याकडे पैसा होता त्याने रातोरात डॉलर जमवले असते आणि भुर्दंड बाकीच्यांनी भरला असता. निविदा उघडण्याआधीचे आकडे, छाप्याची वेळ, सैन्याची हालचाल यांचेही तसेच. इथे ताकास तूर लागू न देणे हीच चोख कामगिरी.

गोम अशी की गोपनीयता कशाचीही झाकणी होऊ शकते. म्हणून मी एकच बघतो: हे गुपित काही दिवसांनी आपोआप उघडणार आहे का? अवमूल्यन उघडतेच. जमिनीचे आरक्षण कोणाच्या सांगण्यावरून उठले, हे कधीच उघडत नाही.

आणि पत्रकाराने तोंडावर विचारले तर?

तिथे खरी पंचाईत. “यावर बोलणार नाही” हेही उत्तरच असते.

ब्रिटनचे अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स १९४९ मध्ये याच कोंडीत सापडले. आपल्याला ते १९४२ च्या क्रिप्स मिशनमुळे ठाऊक आहेत. शाकाहारी, धार्मिक, कडक शिस्तीचा माणूस. पौंडाचे अवमूल्यन करणार का, असे त्यांना त्या वर्षी पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा नाकारले. १८ सप्टेंबरला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणल्याची घोषणा त्यांनीच केली. (पाठोपाठ आपला रुपयाही तेवढाच घसरला.) चर्चिल यांनी सभागृहात त्यांना यावरून चांगलेच धारेवर धरले.

पुढे १९६७ मध्ये अर्थमंत्री जेम्स कॅलहन यांना तोच प्रश्न आला. धडधडीत खोटे त्यांच्याच्याने बोलवेना, त्यांनी उत्तर टाळले. बाजाराने त्या टाळण्याचा अर्थ अचूक लावला आणि दोन दिवसांनी अवमूल्यन जाहीर होईपर्यंत ब्रिटनच्या गंगाजळीला मोठे भगदाड पडले. क्रिप्स यांनी स्वतःच्या नावाची किंमत मोजली, कॅलहन यांच्या संकोचाची किंमत खजिन्याने मोजली. मी क्रिप्स यांच्या बाजूचा आहे, पण खात्री विचाराल तर नाही.

शरद पवारांचा ‘तेरावा स्फोट’ नेमका काय होता? ते बरोबर होते का?

हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्या पाच मिनिटांत येतोच, आणि यायलाच हवा. शाळेत शिकवावे इतके हे उदाहरण नेमके आहे.

शुक्रवार, १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोनेक तासांत काथा बाजार, एअर इंडिया, सेनाभवनाजवळचा पेट्रोलपंप, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा असे एकामागून एक स्फोट होत गेले. एकूण बारा. २५७ माणसे गेली. पवारांना मुख्यमंत्रिपदावर परत येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ६ मार्चला त्यांनी शपथ घेतली होती. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत शहरात सुमारे नऊशे माणसे मेली होती आणि लोक अजून गल्लीच्या तोंडाशी रात्री पहारे देत होते, अशी ती मुंबई.

स्फोटांच्या ठिकाणांची यादी पाहिल्यावर पवारांच्या लक्षात आले की बहुतेक वस्त्या हिंदूंच्या आहेत. संध्याकाळपर्यंत हीच यादी घराघरांत वाचली जाणार आणि तिचा अर्थही लावला जाणार. त्यांनी दूरदर्शनवरून सांगितले की स्फोट तेरा झाले, आणि तेरावे ठिकाण सांगितले मशीद बंदर. मुस्लिम वस्ती. तिथे काहीही झालेले नव्हते.

हे पत्रकारांनी उकरून काढलेले प्रकरण नाही. पवारांनी स्वतः ते दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगापुढे सांगितले, नंतर मुलाखतींत सांगितले, आत्मचरित्रातही लिहिले. कारणासकट.

बरोबर होते का? मला ते मान्य आहे, पण अगदी काठावर. मान्य यासाठी की त्या खोट्यातून त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हते. वेळ तासांत मोजायची होती आणि लोकांना विश्वासात घेऊन समजावण्याइतका अवकाश कोणाकडेच नव्हता. शिवाय ते खोटे असे होते की दोन दिवसांत कोणीही मशीद बंदरला जाऊन पाहावे आणि ते उघडे पडावे. कायम टिकावे म्हणून ते रचलेले नव्हते.

आता अडचण. “त्यामुळेच दंगल टळली” असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दंगल झाली नाही हे खरे, पण ती या एका वाक्याने टळली, पोलिसांनी टाळली, की दोन महिने रक्त पाहून थकलेल्या शहराने स्वतःच टाळली, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. शिवाय मला नेहमी मशीद बंदरला नोकरी करणाऱ्या माणसाची बायको आठवते. ती डोंबिवलीत टीव्हीसमोर बसली आहे. मोबाइल नाहीत, लोकलचा नेम नाही. तिने ती संध्याकाळ कशी काढली असेल? ही बाई माझ्या मनातली आहे, पण अशा बायका त्या दिवशी असणारच. हिशेबात त्यांचीही ओळ धरायला हवी.

मग ‘लोकांच्या भल्यासाठी’ म्हणून कोणालाही खोटे बोलायची मुभा मिळाली की!

मिळत नाही, कारण भल्याची व्याख्या बोलणाराच करत असतो. पवारांच्या उदाहरणाशेजारी ही दोन ठेवून पाहा.

ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला केल्याचे जॉन्सन सरकारने सांगितले. २ तारखेचा हल्ला झाला होता, ४ तारखेचा झालाच नव्हता. त्या रात्रीच्या बातमीबद्दल अधिकाऱ्यांनाच शंका होती, ती संसदेपर्यंत पोहोचू दिली नाही. ७ तारखेला प्रतिनिधीगृहाने ४१६ विरुद्ध ० अशा मतांनी राष्ट्राध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे.

दुसरे आपले. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याचे आपल्या सरकारला कळले होते आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये चीनला निषेधाचे पत्रही गेले होते. संसदेला नेहरूंनी हे सांगितले ते ऑगस्ट १९५९ मध्ये. मधल्या काळात गुपचूप वाटाघाटींनी काही जमेल ही आशा असावी, आणि ती वाईट आशा नव्हती. पण उशिरा कळल्याने लोक दुप्पट चिडले. १९६० च्या एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीला आले तेव्हा देवघेवीची भाषासुद्धा काढायची सोय उरली नव्हती. लपवले होते मोकळेपणाने बोलणी करता यावीत म्हणून. झाले उलटे.

जॉन्सन यांचे खोटे निर्णय लोकप्रतिनिधींच्या हातून काढून घेणारे होते. पवारांनी कोणाचे मत किंवा कोणाचा अधिकार काढून घेतला नाही. मला हा फरक हेतूच्या फरकापेक्षा मोठा वाटतो. हेतू काय, प्रत्येकाचा चांगलाच असतो. विचारून बघा.

छत्रपती शिवाजी महाराजांनीही औरंगजेबाला फसवलेच ना?

फसवले. १६६६ मध्ये आग्र्याला आजारपणाचे सोंग घेतले, गोड बोलून पहारा सैल करवला आणि निसटले. गनिमी काव्यातला ‘कावा’ म्हणजे दुसरे काय? शत्रूशी खरे बोलायचे बंधन जगात कोणीच घालून घेतलेले नाही.

पण हे उदाहरण देणारे एक पत्र विसरतात. १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी लिहिले होते: चोरी करू नका, इमाने इतबारे काम करा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचे मनात आणू नका. कावा औरंगजेबासाठी, इमान रयतेसाठी. आजचा पुढारी मतदाराला बनवतो आणि वर गनिमी काव्याचे नाव घेतो, तेव्हा त्याने मतदाराला गनीम ठरवलेले असते.

शब्दशः खरे, पण दिशाभूल करणारे, असे उत्तर खोटे मानायचे का?

मराठीत यासाठी तयार शब्दप्रयोगच आहे: नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, त्यामुळे धर्मराजाचे वाक्य तपासायला गेले तर खरे. द्रोणाने शस्त्र खाली ठेवले ते मात्र मुलगा गेला असे समजून. महाभारत सांगते की तोवर जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. व्यासांनी शिक्षा कशी नेमकी केली पाहा. रथ मोडला नाही, बुडाला नाही, इतरांच्या रथांसारखा झाला, एवढेच.

अलीकडचे उदाहरण. २० जुलै २०२१ ला केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. वाक्य पुन्हा वाचा. “मृत्यू झाले नाहीत” असे ते म्हणत नाही. “कळवले नाही” असे म्हणते. राज्यांना पाठवायच्या आकड्यांत तसा रकानाच नसेल आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून कोविड आणि श्वसन बंद पडणे एवढेच लिहिले असेल, तर कळवणार कोण? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खाली आला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले, ते साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले होते. आणि महाराष्ट्रात सत्तेवर दुसरी आघाडी होती म्हणून उत्तर वेगळे आले, असेही नाही. राज्य सरकारनेही कानावर हातच ठेवले. या बाबतीत सगळ्यांचे रथ जमिनीवर.

माझे मत विचाराल तर असे उत्तर धडधडीत खोट्यापेक्षा वाईट. खोटे पकडता येते, त्यावर हक्कभंग आणता येतो. इथे पकडायला काही सापडतच नाही.

“राजकारण हे साधूंचे काम नाही” असे टिळक म्हणाले होते. मग?

म्हणाले होते, पण कुठल्या संदर्भात ते पाहिले पाहिजे. जानेवारी १९२० मध्ये गांधींनी ‘यंग इंडिया’त लिहिले की टिळकांच्या मते राजकारणात सगळे चालते. टिळकांनी लगेच पत्र पाठवले: माझे मत असे नाही. राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, आणि क्रोधाला अक्रोधाने जिंका या बुद्धवचनापेक्षा मला ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ हे कृष्णवचन जवळचे वाटते. म्हणजे समोरचा जसा वागेल तसे त्याच्याशी वागावे. गांधींचे उत्तर होते ‘शठं प्रत्यपि सत्यम्’, लबाडाशीसुद्धा सत्यानेच.

लोक टिळकांचे मधले वाक्य उचलतात आणि “माझे मत असे नाही” हे पहिले सोडून देतात. टिळकांच्या डोळ्यासमोर इंग्रज सरकार होते, केसरीचे वाचक नव्हते.

पुण्यातलाच तिसरा माणूस या चर्चेत कोणी घेत नाही, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीत गोरे सोल्जर घरांत घुसत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिथे जाहीर आरोप केला: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला, त्यांतल्या एकीने जीव दिला. लंडनमध्ये खळबळ उडाली, मुंबई सरकारने इन्कार केला. गोखले मुंबईला उतरले तोवर प्लेग अधिकारी रँडचा खून झालेला, वातावरण तापलेले. पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगणे गोखल्यांना मान्य नव्हते.

वय एकतीस. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात छी-थू झाली, भित्रा म्हणून हिणवले गेले. सोपा मार्ग होता की: आरोप सोडायचा नाही, सिद्धही करायचा नाही, टाळ्या घेत राहायच्या. आज हा मार्ग घेणाऱ्याला आपण ‘आक्रमक नेता’ म्हणतो. सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे आणि ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांची नावे पोटात ठेवावीत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच आठवड्यात केल्या. उघड बोलणे आणि पोटात ठेवणे, दोन्ही प्रामाणिकपणाच. याच गोखल्यांना गांधींनी राजकीय गुरू मानले.

निवडणुकीतले आश्वासन पाळले नाही, तर ते खोटे बोलणे ठरते का?

देताना पाळायचा विचार होता की नाही, यावर ते ठरते. आणि ते कळणे अवघड. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्यात शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर झाली, बिले शून्याची झाली. निवडणूक झाली, सत्ता राहिली, आणि वर्षभरात मोफत वीज बंद. तिजोरीत पैसे नाहीत हे जाहीर करतानाही माहीत नव्हते, यावर विश्वास ठेवायला फार मोठे मन लागेल.

आता थापा अशा उघड मारत नाहीत, शब्दांत सोय करून ठेवतात. जून २०१७ च्या शेतकरी संपात सरसकट कर्जमाफी ‘तत्त्वतः’ मान्य झाली, मग ‘निकष’ आले, आणि ‘सरसकट, तत्त्वतः, निकषांसह’ हे तीन शब्द पारावरच्या विनोदाचा विषय झाले. सरकारी भाषेची ही उतरंड प्रत्येकाने पाठ करावी: तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. फटाके पहिल्या पायरीवर वाजतात. जेसीबी शेवटच्या पायरीनंतर येतो.

मत बदलले तर?

बदलावे. कारण सांगून बदलले तर कोलांटउडी म्हणू नये. “माझ्या विधानाचा विपर्यास केला” म्हणून बदलले, तर खुशाल म्हणावे.

जो रोखठोक बोलतो तो तरी प्रामाणिक असतो ना?

नाही. तो मोठ्याने बोलतो.

खासगी आयुष्याबद्दल खोटे बोलण्याचा हक्क नेत्याला आहे का?

गप्प बसण्याचा आहे. “हा माझा घरचा मामला” एवढे म्हणायची हिंमत पुढाऱ्याने दाखवावी आणि तेवढे ऐकून गप्प बसायची आपणही. आजारपण मात्र मी खासगी मानत नाही, निदान मुख्यमंत्री-पंतप्रधानांचे तरी. सही करणारा हात कोणाचा, हे कळायला हवे.

कायदा काय म्हणतो? खोटे बोलणाऱ्या पुढाऱ्याला शिक्षा होते का?

फार थोड्या ठिकाणी. उमेदवारी अर्जासोबत मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे आले. त्यात खोटे लिहिले किंवा लपवले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विरोधी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवले, तर कलम १२३(४) प्रमाणे तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते.

जाहीरनाम्याला हे लागू नाही. जाहीरनाम्यातली आश्वासने भ्रष्ट आचारात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. म्हणजे शेजारच्या उमेदवाराबद्दल खोटे बोलाल तर आमदारकी जाईल. धरणाबद्दल खोटे बोललात तर काही नाही.

आणि सभागृहात खोटे बोलले तर?

सभागृहातल्या भाषणासाठी कोर्टात खेचता येत नाही. संसदेसाठी कलम १०५, विधिमंडळासाठी १९४. तिथला उपाय म्हणजे हक्कभंग, पण मंत्र्याने जाणीवपूर्वक दिशाभूल केली हे दाखवावे लागते, आणि निर्णय बहुमताच्या सभागृहातच होतो.

ब्रिटनमध्ये सभागृहाची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने जावे हा संकेत जास्त कडक पाळला गेला. युद्धमंत्री प्रोफ्यूमो यांनी मार्च १९६३ मध्ये एका तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल सभागृहात खोटे निवेदन केले आणि जूनमध्ये पद सोडले. गेले ते संबंधांमुळे कमी, निवेदनामुळे जास्त. बोरिस जॉन्सन यांनी लॉकडाउनमधल्या पार्ट्यांबद्दल सभागृहाची दिशाभूल केली, असे सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने जून २०२३ मध्ये ठरवले. अहवाल येण्याआधीच त्यांनी खासदारकी सोडली होती. तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला, म्हणजे त्यांच्याच पक्षातल्या अनेकांनी बाजूने मत दिले. हे आपल्याकडे घडलेले मला पाहायचे आहे, पक्ष कुठलाही असो.

आपल्याकडे एक कमी माहितीची, पण कामाची व्यवस्था आहे: आश्वासन समिती. मंत्री सभागृहात “चौकशी करू”, “तीन महिन्यांत पूर्ण करू” म्हणतात त्याची नोंद होते आणि पुढे पाठपुरावा होतो. कासवाच्या गतीने, पण होतो.

खरे बोलणारा निवडून येतो का?

आमच्या वॉर्डातली गोष्ट. पाण्याची बोंब जुनीच. निवडणुकीच्या काळात कोपरा सभेला एक उमेदवार उभा राहिला, अपक्ष, पाणीपुरवठ्याच्या कामाची माहिती असलेला. म्हणाला, “उंचावरची टाकी अजून मंजूर नाही. मुख्य लाइन आली तरी आपल्या चढावर दाब मिळणार नाही. मी निवडून आलो तरी तीन वर्षं टँकर बंद होणार नाहीत.” समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पस्तीसेक माणसे असतील. मागून एक मावशी म्हणाल्या, “मग तुला कशाला निवडून द्यायचं रे बाबा?” सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्यांवर दुसऱ्याने सहा महिन्यांत चोवीस तास पाणी दिले. अपक्षाची अनामत जप्त झाली. टँकर पाचव्या वर्षीही येत होता आणि त्याचा नंबर लावायला आम्ही सकाळी सहाला कॅन घेऊन उभे. कोणाला मत दिले होते, हा विषय रांगेत कोणी काढत नसे. मीही नाही.

तेव्हा सगळा दोष व्यासपीठावर टाकू नका. तुकोबांनी “सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता” म्हटले, त्यांना निवडणूक लढवायची नव्हती. बहुमत मागायचे आणि बहुमताला न आवडणारे सांगायचे, ही कसरत वेगळीच.

तरी अपवाद सापडतात. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवण्याच्या निर्णयावर त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून सांगितले की हा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विचारात न घेता झाला आहे. समोर नेहरू बसलेले. मंत्रिमंडळात होते तोवर चिंतामणरावांनी जाहीर वाच्यता केली नाही, बाहेर पडताना आडपडदा ठेवला नाही. आयसीएसमधून आलेला, मुळात राजकारणी नसलेला माणूस, हेही लक्षात ठेवायला हवे.

मी सामान्य माणूस. पुढारी खरे बोलतो की नाही हे तपासणार कसे?

‘का’ आणि ‘कधी’ विचारणे सोडा. “रस्ता कधी होणार?” याचे उत्तर “लवकरच” हेच येणार, आणि ते खोटे ठरवायची सोय नाही. “कार्यारंभ आदेशाची प्रत द्या” असे विचारा. प्रत असते किंवा नसते. अंशतः नसते.

माहिती अधिकाराचा अर्ज ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर, नाही आले तर पहिले अपील. अर्जात मत मागू नका, कागद मागा. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घोषणेनंतर महिनाभरात शासन निर्णय दिसला नाही, तर काय ते समजा. दिसला, तर शेवटच्या पानाकडे जा आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, भागवायचा ते लिहिले आहे का बघा. ती ओळ नसेल तर अजून सगळे तत्त्वतःच चालले आहे.

हे लिहिणारा कोणत्या पक्षाचा?

हा प्रश्न दर वेळी शेवटी येतो, आणि विचारणारा आधी स्वतःचा पक्ष सांगत नाही. वरच्या उदाहरणांत काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, महाविकास आघाडी, ब्रिटनचे मजूर आणि हुजूर असे सगळे येऊन गेले. “पण अमक्याचे ते प्रकरण का नाही घेतले?” असे तुमच्या मनात आले असेल, तर ते घ्यायला हवे होते, हे अंशतः खरे आहे.